वर्गणीतला अल्बम

‘अल्बम’ हा शब्द आपल्या मराठी घरांत शिरला तो लग्नाच्या फोटोंबरोबर. जाड काळ्या पानांचा तो ग्रंथ कपाटात वरच्या फळीवर असे आणि आल्यागेल्याला कौतुकाने दाखवला जाई. संगीतातला अल्बमही मुळात त्याच कुळातला आहे. मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या जुन्या तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम तीन-चार मिनिटांचे संगीत मावत असे. १९०२ साली कलकत्त्यात गौहरजानने गायिले तेही या मापात, आणि पुढे अब्दुल करीम खाँसाहेबांना आपल्या सुरांचा ऐवज कोंबावा लागला तोही याच मापात. पश्चिमेत दीर्घ रचना पाच-सहा तबकड्यांवर विभागून त्या फोटोंच्या वहीसारख्या बांधणीत विकत. म्हणून तिचे नाव अल्बम. १९४८ साली अमेरिकेत कोलंबिया कंपनीने मिनिटाला सुमारे ३३ फेरे घेणारी लाँग प्ले तबकडी बाजारात आणली. एका बाजूवर वीस-बावीस मिनिटे मावू लागली. वही गेली, नाव तेवढे उरले.

रॉक संगीताने या उरलेल्या नावाला पुन्हा अर्थ दिला आणि चाळीस-बेचाळीस मिनिटांचा एक नवा वाङ्मयप्रकारच जणू घडवला. या लेखात मला त्या प्रकाराविषयी लिहायचे आहेच. पण त्याहून अधिक, तो विकत घेऊन मित्रांत बसून ऐकण्याच्या रीतीविषयी लिहायचे आहे. माझे म्हणणे थोडक्यात असे, की अल्बमची खरी समीक्षा वृत्तपत्रांच्या स्तंभांत फार थोडी झाली. ती झाली वर्गणी काढून अल्बम आणणाऱ्या पोरांच्या भांडणांत. आज अल्बम उरला आहे, संगीत तर उदंड झाले आहे. पण ते भांडण उरले आहे का, हा मला प्रश्न पडतो.

या रीतीचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण इंग्लंडमधल्या डार्टफर्ड या गावच्या रेल्वे फलाटावरचे आहे. १७ ऑक्टोबर १९६१ रोजी मिक जॅगर आणि कीथ रिचर्ड्स हे दोन तरुण तेथे समोरासमोर आले. प्राथमिक शाळेत दोघे एकत्र होते. मधल्या काळात वाटा वेगळ्या झाल्या होत्या. जॅगर लंडनला अर्थशास्त्राच्या प्रख्यात संस्थेत शिकत होता, रिचर्ड्स कलाशाळेत. नुसती ओळख पटून भागले असते, तर ‘बरा आहेस ना’ एवढ्यावर गाडी आली असती. पण जॅगरच्या काखेत चक बेरी आणि मडी वॉटर्स यांचे अल्बम होते. ते इंग्लंडच्या दुकानांत सहजी मिळणारे नव्हते. शिकागोच्या चेस कंपनीकडून त्याने ते टपालाने मागवले होते. रिचर्ड्सची नजर माणसाआधी त्या वेष्टनांवर गेली असली पाहिजे. गाडीत बोलणे सुरू झाले ते पुढे थांबले नाही. पुढच्याच वर्षी, १२ जुलै १९६२ रोजी, लंडनच्या मार्की क्लबात त्यांच्या वाद्यवृंदाचा पहिला कार्यक्रम झाला. त्याचे ‘रोलिंग स्टोन्स’ हे नावदेखील मडी वॉटर्सच्याच एका गाण्यावरून घेतलेले.

या प्रसंगाकडे योगायोग म्हणून पाहण्याची प्रथा आहे. मला त्यात भवभूतीचा ‘समानधर्मा’ दिसतो. आपल्यासारख्या अभिरुचीचा माणूस कुठेतरी असेल, या आशेवर भवभूतीने काळाचा आणि पृथ्वीचा विस्तार पणाला लावला होता. काखेतली तबकडी हे काम फलाटावर करते. ती विकत घेणाऱ्याने आपले मत उघड्यावर मांडलेले असते. आणि उघड्यावर मांडलेल्या मतालाच मित्र भेटतो किंवा विरोधक भेटतो. दोन्ही सारखेच मोलाचे.

पुढल्या पाच-सहा वर्षांत मतांची ही देवघेव खुद्द कलावंतांमध्ये, आणि तीही अल्बमच्याच भाषेत, सुरू झाली. डिसेंबर १९६५ मध्ये बीटल्सचा ‘रबर सोल’ आला. कॅलिफोर्नियात बीच बॉइजच्या ब्रायन विल्सनने तो ऐकला. एकही भरतीचे गाणे नसलेला अल्बम असू शकतो, हे त्याच्या मनाने घेतले आणि मे १९६६ मध्ये त्याने ‘पेट साउंड्स’ने उत्तर दिले. ते उत्तर पॉल मॅकार्टनीने लंडनमध्ये कान देऊन ऐकले आणि १९६७ च्या उन्हाळ्यात ‘सार्जंट पेपर’ आला. त्याच्या मागच्या वेष्टनावर सगळ्या गाण्यांचे शब्द छापले होते. गाण्यांमधली मोकळी जागा जवळजवळ काढून टाकली होती. त्याआधी बीटल्सचे अल्बम अमेरिकेत विकताना तिथली कंपनी गाणी गाळत असे, इकडची तिकडे करत असे. या अल्बमची यादी मात्र दोन्ही देशांत एकच राहिली. अल्बम ही गाण्यांची मोट नसून एक रचना आहे, ही गोष्ट व्यापाऱ्यांनाही मान्य करावी लागली. एका अल्बमवरची उत्तम टीका म्हणजे दुसरा अल्बम, असे म्हणायला येथे जागा आहे.

आणि छापील टीका? जून १९६७ मध्ये न्यूयॉर्क टाइम्समध्ये रिचर्ड गोल्डस्टीन या तरुण टीकाकाराने ‘सार्जंट पेपर’वर प्रतिकूल अभिप्राय दिला. वाचकांच्या संतप्त पत्रांचा पाऊस पडला. टीकाकार चुकला की वाचक, हा प्रश्न मला गौण वाटतो. मला कुतूहल आहे ते पत्रे लिहिणाऱ्यांचे. त्यांनी तो अल्बम पदरचे पैसे घालून घरी आणला होता, चारचारदा ऐकला होता, आणि म्हणून त्यांना बोलण्याचा अधिकार आहे असे वाटत होते. फुकटच्या वस्तूसाठी कोणी इतके रागावत नाही.

‘हे सगळे परक्यांचे संगीत, आपला काय संबंध?’ असे विचारणारे वाचक असतील. त्यांच्यासाठी एक गोष्ट सांगतो. ‘सार्जंट पेपर’ची दुसरी बाजू जॉर्ज हॅरिसनच्या ज्या गाण्याने उघडते त्यात दिलरुबा, तंबोरा आणि तबला वाजतो. ते वाजवणारे हिंदी कलाकार लंडनच्या ‘एशियन म्युझिक सर्कल’ या संस्थेच्या परिवारातले होते. ती संस्था उभी केली होती आपल्याच कर्नाटकातून तिकडे गेलेल्या अयन अंगडी यांनी, पत्नी पॅट्रिशिया यांच्या साथीने. हॅरिसन आणि रविशंकर १९६६ मध्ये भेटले तेही अंगडींच्या घरी. मात्र वेष्टनावर इतके काही छापले असूनही त्या वादकांची नावे तेथे नव्हती. अल्बमचे वेष्टन वाचावे, आणि त्यावर काय छापलेले नाही तेही वाचावे, हा धडा मला या उदाहरणाने दिला. महाराष्ट्राचा धागा तर आणखी जवळचा आहे. ‘क्वीन’चा गायक फ्रेडी मर्क्युरी, म्हणजे झांजिबारच्या पारशी घरातला फारुख बलसारा, पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत शिकला, आणि त्याचा पहिला वाद्यवृंद ‘द हेक्टिक्स’ त्या शाळेतच जमला होता.

आता आमच्या गावाकडे येतो. १९८६ साली मी बेळगावात बारावीला होतो. तबकडीचे यंत्र श्रीमंतांकडे. आम्हां मध्यमवर्गीयांचा अल्बम म्हणजे कॅसेट. चौघांनी वर्गणी काढायची, एक कॅसेट आणायची आणि आठवडा-आठवडा प्रत्येकाच्या घरी ठेवायची, असा आमचा नियम होता. एक जण खडेबाजारातल्या दुकानदाराचा मुलगा, मराठी. दुसरा वडगावच्या विणकर घरातला, कानडी. तो तबला शिकत होता. तिसरा कॅम्पातला, कोकणी बोलणारा ख्रिस्ती. चर्चमध्ये गिटार वाजवी. चौथा मी. वर्गणीची पहिली कॅसेट होती पिंक फ्लॉइडचा ‘द डार्क साइड ऑफ द मून’. अल्बम १९७३ चा, म्हणजे आमच्या हाती येईपर्यंत तेरा वर्षांचा झालेला. आम्हाला तो काल आल्यासारखा नवा होता.

पहिल्या बैठकीतच दोन तट पडले. ‘टाइम’ या गाण्याच्या सुरुवातीला घड्याळांचा एकच कल्लोळ होतो. ध्वनिमुद्रक ॲलन पार्सन्सने तो जुन्या वस्तूंच्या दुकानातल्या घड्याळांवरून टिपला होता. दुकानदाराचा मुलगा वैतागून म्हणाला, “ह्यात गाणं कुठं हाय? नुसती घड्याळं वाजायल्यात!” कॅम्पातल्या मित्राचे उत्तर मला अजून उत्तम समीक्षा वाटते. तो म्हणाला, घड्याळे संपल्यावरही शब्द येत नाहीत, नुसते ढोल आणि मधूनच एखादा सूर; दोन मिनिटांहून अधिक वेळ आपण ताटकळतो. गाणे आहे वाया गेलेल्या वेळावर. म्हणजे आधी तुमचा वेळ घालवून दाखवतात आणि मग त्याविषयी बोलतात. आशय आणि घाट यांच्या एकतेवर मी पुढे एम.ए.ला बरेच वाचले; पण त्या वाक्याची सर पुष्कळशा पुस्तकांना आली नाही.

दुसरा वाद ‘मनी’वर झाला. हे गाणे नाण्यांचा खणखणाट, फाटणारा कागद आणि उघडणारा गल्ला यांच्या आवाजांनी सुरू होते. ते आवाज फितीचे तुकडे मोजून, जोडून फिरते ठेवले आहेत, आणि त्या आवर्तनात सात ठोके आहेत. विणकराच्या पोराने मांडीवर बोट धरले आणि तो उडालाच. “रूपक!” तो ओरडला, आणि मग हळूच, “छलो ऐती.” येथून भांडण महिनाभर चालले. सात मात्रा आहेत एवढ्याने रूपक होतो का? रूपकाची पहिली मात्रा खालीची; तिच्यावर भार न देता तेथेच यायचे, ही त्याची गंमत. येथे तर पहिल्या ठोक्यावर पाय आपटला आहे. शिवाय सॅक्सोफोन सातांत वाजतो, पण गिटारचा एकल भाग आला की ताल चारांत जातो आणि नंतर पुन्हा सातांत परततो. आमचा तबलजी म्हणे, अवघड वाटले म्हणून सोपा रस्ता धरला. गिटारवाला म्हणे, कोंडलेला माणूस मैदानात यावा तसे ते आहे, आणि परतल्यावर सात अधिकच अडखळते वाटतात. दोघांपैकी कोणाचे खरे? मी दुसऱ्याच्या बाजूचा आहे. पण पहिल्याने मोजले नसते तर दुसऱ्याला हे सुचलेही नसते.

पुढे मर्ढेकरांचे ‘सौंदर्य आणि साहित्य’ अभ्यासताना संवादलय, विरोधलय आणि समतोललय या तिन्ही संज्ञा माझ्यापुढे आल्या, तेव्हा मला उदाहरणासाठी लांब जावे लागले नाही. हा अल्बम हृदयाच्या ठोक्यांनी सुरू होतो आणि त्याच ठोक्यांत विरतो, हा संवाद. पहिल्या बाजूच्या शेवटी क्लेअर टोरी या गायिकेचा एकही शब्द नसलेला आर्त आलाप येतो; दुसरी बाजू उघडते ती गल्ल्याच्या आवाजाने. मरणाच्या भयानंतर लगेच पैसा, हा विरोध. त्यानंतर ‘अस अँड देम’चा संथ, रुंद प्रवाह दोघांना पोटात घेतो, हा समतोल. यातला विरोध पुरता कळायला मात्र एक गोष्ट आवश्यक आहे. आलाप संपल्यावर यंत्र थांबले पाहिजे, कोणीतरी उठून बाजू उलटली पाहिजे. त्या अर्ध्या मिनिटाच्या शांततेत आम्ही कोणी बोलत नसू. पुढे सीडीवर आणि आता मोबाइलवर तो आलाप थेट गल्ल्याला जाऊन आपटतो. यंत्राची ती गैरसोय रचनेचा भाग झाली होती.

मी या अल्बमचा अंध भक्त नाही. पहिल्या बाजूवरचा ‘ऑन द रन’ हा यंत्रध्वनींचा तुकडा आज मला प्रयोगशाळेतला वाटतो; त्यात नवलाई होती, ती ओसरल्यावर हाती फार उरत नाही. आणि त्या आलापाच्या कथेत व्यवहाराचा एक डाग आहे. जानेवारी १९७३ मध्ये टोरीने त्या गायनाचे तीस पौंड घेतले. रचना सर्वस्वी दुसऱ्याची मानली गेली. ख्याल गायकाला बंदिश दुसऱ्याची असली तरी विस्ताराचे श्रेय मिळते. तिला त्यासाठी २००४ साली न्यायालयात जावे लागले. २००५ मध्ये तडजोड झाली आणि तिचे नाव रचनाकार म्हणून लागले. बत्तीस वर्षांनी.

त्याच १९८६ साली सीमाभागात भाषेच्या प्रश्नावर आंदोलन पेटले. त्याचा इतिहास वाचकांना ठाऊक आहे. येथे त्याची मांडणी करण्याचे कारण नाही. आमच्यापुरते एवढेच घडले, की कॅसेट त्या आठवड्यात वडगावला होती आणि तीन आठवडे कोणी कोणाकडे गेले नाही. रस्त्यात भेटलो असतो तर पहिला शब्द कोणत्या भाषेत काढायचा, हाच प्रश्न होता. चौथ्या आठवड्यात तो सायकलवरून आमच्या दारात आला. कॅसेट पुढे केली आणि म्हणाला, “तुझी पाळी.” मराठीत म्हणाला. मी काय उत्तर दिले ते आठवत नाही. पण त्या संध्याकाळी चौघे माझ्या घरी होतो आणि भांडण सात आणि चार मात्रांवर होते.

या प्रसंगावरून, संगीत माणसे जोडते, असा गोड निष्कर्ष मला काढायचा नाही. संगीताने काही जोडले नाही. जोडले ते वर्गणीने आणि अपुऱ्या राहिलेल्या वादाने. रॉक चौघांपैकी कोणाच्याच घरचे नव्हते. मराठी नाट्यगीतावर बोलताना माझा शब्द वरचढ ठरला असता, वचनांवर बोलताना त्याचा. येथे सगळेच सारखे परके, म्हणून सगळ्यांचे मत सारखे. आणि इंग्रजी संज्ञा कोणालाच येत नसल्याने जो शब्द ज्याला सापडे तो चाले: मींड, ठेहराव, आस, कानडीतले दोन-चार, कोकणीतला एखादा. दुभाषी गावात समीक्षेची अशी एक मिश्र परिभाषा तयार होऊ शकते, हे मी तेथे पाहिले.

त्या काळाची आरती ओवाळण्याचेही कारण नाही. टंचाई हा काही गुण नव्हे. इंग्रजी अल्बम ऐकणारा म्हणजे शहाणा, असा पोकळ तोरा त्या वर्तुळांत भरपूर होता. आणि त्या बैठकांत मुली नव्हत्या. आमच्या बहिणींनी तोच अल्बम आतल्या खोलीतून भिंतीआडून ऐकला. त्यांची पाळी यादीत नव्हती, त्यामुळे त्यांचे मत कोणी विचारले नाही. टोरीची कथा वाचताना मला हे हटकून आठवते.

आज शाळेत मी पाहतो, मुलांच्या खिशात सारे जग वाजते आहे. त्याविषयी माझी तक्रार नाही. पिंक फ्लॉइड ऐकण्यासाठी कोणाला वर्गणी काढावी लागू नये हे चांगलेच. अल्बमही संपलेला नाही. अमेरिकेत २०२० साली तबकड्यांच्या विक्रीचे उत्पन्न सीडीपेक्षा पुढे गेले, म्हणजे अख्खी वस्तू हातात धरण्याची भूक तेथे शिल्लक आहे. माझी काळजी मताविषयी आहे. गाणे आवडले नाही तर बोट फिरवले की दुसरे सुरू होते. न आवडलेल्याजवळ थांबण्याची गरज उरत नाही, आणि थांबल्याखेरीज ‘आवडले नाही’चे ‘का आवडले नाही’ होत नाही. आम्ही थांबलो, कारण पैसे गेले होते आणि कॅसेट आठवडाभर घरातच असणार होती. शिवाय रविवारी मित्रांना तोंड द्यायचे होते. आमच्या मताला हिशेब द्यावा लागे. आज यंत्र प्रत्येकाला त्याच्याच आवडीचे आणखी पुढे करते. समानधर्मा घरपोच मिळतो, पण मोजायला बोट धरणारा तो दुसरा कोणी मिळत नाही.

म्हणून दोन वर्षांपूर्वी शाळेत महिन्याच्या शेवटच्या शनिवारी एक उपक्रम सुरू केला. एका अल्बमची एक बाजू ऐकायची, वीस मिनिटे. मध्ये बोलायचे नाही, पुढे ढकलायचे नाही. मग प्रत्येकाने पाच ओळी लिहायच्या, हव्या त्या भाषेत. ‘मस्त’ आणि ‘बोअर’ हे दोन शब्द वर्ज्य. अल्बम कोणता ते मुले पाळीपाळीने ठरवतात, आणि पाळ्यांच्या यादीत मुलींची नावे आधी आहेत. परवा एका आठवीतल्या मुलीने लिहिले, की पहिल्यांदा ऐकताना कंटाळा आला, पण मैत्रिणीला तेच आवडले म्हणून राग आला, आणि त्या रागाने घरी जाऊन पुन्हा ऐकले. यापेक्षा वेगळे आम्ही तरी काय करत होतो?

वाचकांनी या दिवाळीत एवढेच करून पाहावे. घरातल्या दोन पिढ्यांनी आणि शक्य तर शेजारच्या दुसऱ्या भाषेच्या घराने मिळून एक अल्बम निवडावा. रॉकच हवा असे नाही, पण कोणाच्याच घरचा नसलेला बरा. थोडे पैसे प्रत्येकाने घालावेत, अगदी शाळकरी मुलानेही. सलग ऐकावा. फराळ नंतर. आणि मग ज्याला जे पटले नाही ते त्याने स्पष्ट सांगावे.